पाच गुंजा चुना

रावजी, त्या पाच गुंजा माझ्याकडे होत्या.

एवढंसं वाक्य बोलायला मला सात वर्षं लागली, आणि आता ऐकायला तू नाहीस. मी संस्कृतचा मास्तर, शब्दांवर पोट भरणारा. मुलांना रोज उभं करून सुभाषितं म्हणून घेतो, त्यातली निम्मी खरं बोलण्यावर असतात. आणि स्वतःवर खरं बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात मूग धरून बसलो. मूग कसले, तंबाखू! त्या तंबाखूपायीच तर सगळं झालं.

परवा तुझा तेरावा झाला. पंगतीत सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. पण चौघा-पाचांनी ती तपासणीची गोष्ट काढलीच. "मास्तर लई हुशार मानूस, पन त्या दिशी आकडा चुकला बघा." मी तिथंच बसलो होतो, पुढ्यात द्रोण घेऊन. म्हणजे तू गेलास तरी तुझा आकडा चुकलेलाच राहिला, आणि तो चुकवणारा पंगतीत बसून बुंदी खात होता. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊक असलेलंही सांगतो. मध्ये बोलू नकोस. तसा तू मध्ये कधी बोलत नव्हतासच म्हणा, ती खोड माझी.

कर्जतला आपल्या शाळेत तू आलास तेव्हा लढाई चालू होती. सोनईकडच्या कुणब्याचा मुलगा, घराण्यात पहिलाच पदवी घेतलेला. विज्ञान शिकवायला म्हणून आलास आणि हेडमास्तरांनी तुला एक कपाट दाखवलं. त्यात चार काचेच्या नळ्या, त्यातली एक फुटकी, आणि रिकाम्या बाटल्यांत मेलेली झुरळं. मुंबईहून माल यायचा बंद झालेला. दुसरा कुणी असता तर पुस्तक उघडून वाचायला लागला असता. तू पिशवी घेतलीस आणि आठवड्याच्या बाजारात गेलास. वाण्याकडून तुरटी आणि पापडखार, कल्हईवाल्याकडून नवसागर, बी-बियाणं विकणाऱ्याकडून मोरचूद, गंधक. पुड्यांनी पिशवी भरून आलास. मी म्हटलं, "काय रे, विज्ञान शिकवणार आहेस की पापड लाटणार?"

"दोन्ही एकच हाय, पंत," तू म्हणालास. "खार जास्ती झाला की पापड बी बिघडतो."

पहिल्याच दिवशी मी तुला 'काय रे' म्हटलं आणि तू मला 'पंत, तुमी' म्हणालास. वयानं आपण बरोबरीचे. तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठाच निघालास. तरी ते तसंच चालू राहिलं. मी अरे-तुरे, तू अहो-जाहो. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वर्गात तू अगदी पुस्तकी बोलायचास, खडूनं रेघ ओढल्यासारखं. माझ्यापाशी मात्र गावाकडचं. मला वाटायचं, हा आपल्यापाशी मोकळा होतो. आणि त्या मोकळेपणाचं मी काय केलं? चुका काढल्या. तू 'परमान' म्हणालास की मी सगळ्या मास्तरांदेखत म्हणायचो, "परमान नव्हे रे, प्रमाण. णकार. नाकात नको, टाळ्याला." तू निमूट सुधारून म्हणायचास. आता वाटतं, काय मोठा पराक्रम केला मी?

त्याच शब्दावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते काही संपलं नाही. मी म्हणायचो, प्रमाण म्हणजे पुरावा. ग्रंथात लिहिलंय, गुरूनं सांगितलंय, ते मुलांनी प्रमाण मानावं आणि पुढं जावं. प्रत्येक गोष्ट जाळून, ढवळून बघत बसलं तर मॅट्रिक कधी व्हायचं? तू म्हणायचास, प्रमाण म्हणजे किती ला किती. "ह्याला येवढंच लागतं, त्याहून जास्ती घातलं तर उरतं. हे पोरांनी हातानं बघितल्याबिगर त्यांच्या डोक्यात कसं शिरंल, पंत?" मी म्हणायचो, "माझ्या डोक्यात शिरलंच ना, न बघता?" त्यावर तू फक्त हसायचास. तुझं ते हसणं मला फार झोंबायचं.

एकदा मला वर्गात ओढून नेलंस ते आठवतं? चुन्याची निवळी, अगदी पाण्यासारखी स्वच्छ, पेल्यात काढून ठेवली होतीस. माझ्या हातात बोरू दिलास, दोन्ही टोकांनी मोकळा. "पंत, फुंका." चाळीस पोरांसमोर मी गाल फुगवून फुंकलं. बुडबुडे आले आणि बघता बघता निवळी ताकासारखी पांढरी झाली. पोरं टाळ्या पिटायला लागली. तू त्यांना म्हणालास, "पंतांच्या श्वासातला वायू चुन्याला मिळाला आणि पुन्हा दगड तयार झाला. बारीक आहे, पण दगडच." मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज मी फुंकरीनं दगड केला. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. हेही तुला कधी सांगितलं नाही. तुला म्हणालो होतो, "पोरखेळ आहे सगळा."

मग तुझ्या डोक्यात ते शंभराचं आलं. शंभर भाग चुन्याचा दगड भाजला की छप्पन्न भाग चुना उरतो, चव्वेचाळीस भाग वायू होऊन जातो. हे पुस्तकात होतंच. तुला ते पोरांच्या हातानं तोलून दाखवायचं होतं. पण तोलायचं कशानं? वाण्याच्या तागडीला छटाकाखाली कळत नाही. तू गेलास माणिकराव सोनाराकडं. त्याची मुलगी कमल तुझ्याच वर्गात, सगळ्या वर्गात एकटी मुलगी. माणिकरावानं काटा दिला, वजनाला लालचुटूक गुंजा दिल्या, मूस दिली, लहान भट्टी आणि भातासुद्धा दिला. म्हणाला, "माझ्या काट्यावर पोरं शिकत्याल, ह्याहून काय पायजे?"

पहिल्यांदा तू ओढ्यातली चुनखडी भाजलीस. आकडा कधी सत्तर यायचा, कधी पासष्ट. तुझं डोकं फिरलं. मग कळलं की चुनखडीत माती असते, ती भाजली तरी जात नाही. कुठल्याशा देवळाच्या फरशीचे संगमरवराचे तुकडे मागून आणलेस. ते भाजले आणि छप्पन्न. पुन्हा भाजले, छप्पन्न. पाच वेळा. काट्यावर कमल बसायची. त्या मुलीचा हात काय होता! गुंज चिमटीत धरून पारड्यात ठेवायची ती पारड्याला कळायचंसुद्धा नाही. पोरांनी तुझं नाव छप्पन्न मास्तर ठेवलं. मी म्हणायचो, "तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत रे," आणि तूच सगळ्यांत मोठ्यांदा हसायचास.

तेवढ्यात तपासणी आली. चेअरमनसाहेबांनी तुला सांगून ठेवलं होतं, की तपासणीच्या साहेबांनी चांगला शेरा दिला तर व्हरांड्याच्या टोकाची खोली प्रयोगांना मिळेल, नाही तर हे भाजणं-जाळणं बंद. तुझं सगळं त्या एका आकड्यावर होतं आणि ते शाळेतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मग मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

त्या सकाळी साहेबांदेखत कमलनं शंभर गुंजा संगमरवर तोलला. साहेबांनी स्वतः गुंजा मोजल्या. मग ते बाकीचे वर्ग तपासायला गेले. भट्टी पेटली, पोरांनी पाळीपाळीनं भाता ओढला. दोन-अडीच तासांनी मूस उतरवलीस, निवू दिलीस, चुना वाटीत काढलास आणि वर बशी उपडी घातलीस. पोरांना पाणी प्यायला सोडलंस. माझा तास मोकळा होता, मी डोकावलो.

"बरं झालं आलात, पंत. म्या सायबास्नी घिऊन येतो. दहा मिन्टं हितं बसा. कुनाला हात लावू दिऊ नका."

"जा रे तू. मी बसलोय ना."

कुणाला हात लावू दिला नाही रे मी. दुसऱ्या कुणाला.

दुपारी माझ्याही वर्गाची तपासणी होती. अशा वेळी मला तंबाखू लागते. चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली, चुन्याची डबी उघडली तर आत खडखडाट. चुना वाळून पितळेला चिकटलेला, नखाला लागेना. आणि समोर बशीखाली ताजी कळी! पाणी लागायच्या आधीचा असा पांढराशुभ्र कळीचा चुना बाजारात बघायला मिळत नाही. मी बशी उचलली. कडेचा एक तुकडा, नखाएवढा, मोडून डबीत टाकला. तांब्यातलं थेंब-थेंब पाणी घातलं, झाकण लावलं, डबी कोटाच्या खिशात टाकली आणि बशी पुन्हा जशी होती तशी उपडी घातली.

हा चुना तोलायचा आहे हे मला माहीत होतं. पण मनात आलं, एवढ्याशानं काय होतंय? आम्हा शब्दवाल्यांच्या जगात एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही. श्लोकाचा एक चरण आठवला नाही तर 'इत्यादी' म्हणून पुढं जाता येतं. तुझ्या कामात इत्यादी नव्हतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, खरंच कळत नव्हतं. पुढचं जे केलं ते मात्र कळून केलं.

साहेब आले. हेडमास्तर, चेअरमनसाहेब आले. दाराशी माणिकराव सोनार येऊन उभा राहिला, लेकीचं कौतुक बघायला. कमलनं एका पारड्यात चुना ठेवला, दुसऱ्यात छप्पन्न गुंजा. गुंजांचं पारडं खाली गेलं. तिनं एक गुंज काढली. तरी खाली. आणखी एक काढली. पाचवी गुंज काढली तेव्हा काटा मध्यावर आला.

"एक्कावन्न," कमल म्हणाली.

आणि नेमकी त्याच वेळी माझ्या खिशात डबी तापली. कळीला पाणी लागलं की ती उकळते, हे तूच पोरांना दाखवायचास. कोटातून मांडीला असा चटका बसला की मी जागच्या जागी उडालो. डबी बाहेर काढली, या हातातून त्या हातात केली, मग धोतराच्या सोग्यात गुंडाळली. साहेबांनी बघितलं नाही. कमलची नजर काट्यावरून हलली नव्हती. तू मात्र माझ्याकडं बघितलंस, एकदाच. मला वाटलं, गोंधळलास म्हणून बघतोयस.

"पुस्तकात किती दिलेत?" साहेबांनी विचारलं.

"छप्पन्न, साहेब."

"आणि तुमचे एक्कावन्न. मुलीच्या हाती काटा दिल्यावर दुसरं काय व्हायचं?"

"तिचा हात चुकत नाही, साहेब. चूक असेल तर माझी आहे."

"मग काटा खोटा असेल," साहेब म्हणाले आणि वहीत लिहायला लागले. बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील. पण दाराशी माणिकराव उभा होता. सोनाराला याहून मोठी शिवी नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो आत आला, काटा उचलला, गुंजा गोळा करून बटव्यात भरल्या आणि पोरीला म्हणाला, "चल."

त्या वेळी डबी उघडून टेबलावर ठेवली असती तर? साहेब रागावले असते, पोरं वर्षभर हसली असती, मला 'चुनेचोर पंत' म्हणाली असती. एवढंच. माझी नोकरी गेली नसती की जीव गेला नसता. रावजी, मी तुला चुना लावला. लोक फसवण्याला तसं म्हणतात, मी अगदी शब्दाला धरून तसं केलं.

पुढचं तू भोगलंस. खोली मिळाली नाही. शेऱ्यात 'निरर्थक खेळ' असे शब्द आले. बाजारात कुणी सोनं तोलायला बसलं की चेष्टेनं म्हणायचं, "माणिकराव, पाच गुंजा कमी तर न्हाई न भरायच्या?" कमल शाळेत पुन्हा आली नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न करून तिला जामखेडला दिली. आणि तू त्या पाच गुंजा शोधत बसलास. महिनाभर तुझं तेच चाललं होतं. संगमरवराचे उरलेले तुकडे निरखून बघितलेस, मूस चिरलीय का बघितलंस, वाऱ्यानं भुकटी उडाली असेल म्हणून खिडकीला गोणपाट लावलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं. पण काख माझी होती. मला येऊन विचारायचास, "पंत, काय चुकलं असंल वो?" आणि मी, दात कोरत, "आता मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणायचो.

मग एक दिवस तू शोधायचं थांबलास. मला वाटलं, सुटलो.

खाई त्याला खवखवे, रावजी. सुटलो कुठला! तू बांबूच्या काडीला दोन करवंट्या बांधून काटा केलास. तो दोन-तीन गुंजांनी इकडं-तिकडं व्हायचा. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात पोरांना घेऊन बसायचास. शेरा, परवानगी काही नसताना. मी घरी जाताना दुसऱ्या बाजूनं जायचो.

आणि वर्षभरानं, दर बाजारच्या दिवशी तू मला एक पुडी आणून द्यायला लागलास. "पंत, कळी आनलीया. डबीत टाका." स्वतः तू सुपारीचं खांडसुद्धा खात नव्हतास. मी म्हणायचो, "अरे कशाला?" आणि घ्यायचो. फाडलेल्या उत्तरपत्रिकेचा कागद, वर पेन्सिलीचा काहीतरी आकडा. मी कागद फेकून द्यायचो आणि चुना खायचो. पुडी दिल्यावर तू जरा थांबायचास. मला वाटायचं, आभार ऐकायला थांबतोयस. मी आभार मानायचो. मग तू जायचास.

एकदा हेडमास्तरांनी तुझ्या कपाटाला कुलूप आणून दिलं तेव्हा तू परत केलंस. "आमी शिंगनापूरच्या बाजूची मानसं, आमच्यात कुलपं नसत्यात." मी नेहमीसारखा खोचकपणे म्हणालो, "तिथं चोरी करणारा आंधळा होतो म्हणतात. तुझं विज्ञान काय म्हणतं यावर?" तू काट्याची दोरी गुंडाळत होतास. वर न बघता म्हणालास, "आंधळा न्हाई होत, पंत. त्याला समदं दिसत ऱ्हातं. त्येच वंगाळ." मी हसलो होतो. त्या रात्री जेवलो नाही, हेही खरं.

तुझा ताप वाढला असं कळलं तेव्हा मी ठरवूनच तुझ्या घरी आलो. दारात चपला काढतानासुद्धा मनात वाक्य जुळवत होतो. तू बाजेवर, कपाळावर पट्टी. पारूवहिनी उशाशी. मला बघून तुझे डोळे उघडले. "पंत," तू म्हणालास, "चुना हाय का?"

मला वाटलं, तापात बरळतोयस. मी म्हटलं, "आहे रे, भरपूर आहे. तू पड." तू माझ्याकडं बघत राहिलास. मी सहामाहीच्या पेपरांचं बोलायला लागलो. कोणत्या पोराला किती मार्क पडले, कुणी कुठली विभक्ती चुकवली. तासभर बोललो असेन! दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही. तू डोळे मिटलेस तेव्हा उठलो. चार दिवसांनी तू गेलास.

परवा पंगत उठल्यावर वहिनींनी मला मागल्या दाराशी बोलावलं. पदराच्या गाठीतून पुडी काढून हातावर ठेवली. "त्येंनी आजारी पडायच्या आदी बांदली हुती. बाजाराला जानं झालं न्हाई. तुमची हाय, म्हनून ठिवली."

मी म्हटलं, "वहिनी, आता कशाला..."

"घ्या. तोलल्याबिगर बांदायचे न्हाईत कंदी. ती करवंटी भरवशाची न्हाई म्हून धा-धा डाव तोलायचे. येकदा म्या इचारलं, चुन्याला येवढं काय मोजायचं? पाच गुंजा म्हंजी काय सोनं हाय का? तर म्हनले, पंतांचा आकडा तेवढाच हाय."

मी पुडी डोळ्यांजवळ धरली. उत्तरपत्रिकेचा कागद, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं, तुझ्या त्या नेटक्या अक्षरात, पाच. त्या सगळ्या पुड्यांवर तेच असणार. माझ्या खिशात तापलेल्या डबीचा अर्थ तुला केव्हाच लागला होता. सहा वर्षं तू दर बाजाराला मला लेखी विचारत होतास आणि मी प्रश्न फाडून उत्तर चघळत होतो.

मी तिथंच पायरीवर बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

काल सकाळी माणिकरावाच्या दुकानात गेलो. सात वर्षांत त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. त्यानं मान वर केली. "या, पंत. काय मोडायचंय?"

"मोडायचं नाही. एवढं तोलून द्या."

त्यानं पुडी सोडली, भुकटी बघितली, कागदावरचा आकडा बघितला. काटा तोच. गुंजा ठेवत गेला. पाचला काटा हलेना. सहा ठेवल्या, मग पाऊण गुंजेचं बारीक वजन. पावणेसात. "मास्तरांनी पाच लिवलंय, माझ्या काट्यावर पावणेसात भरतंय," तो म्हणाला. हसला, पण ते हसणं नव्हतं. "आता कुनाचा खोटा म्हनायचा?"

"तुमचा काटा खरा आहे, माणिकराव. त्यांचा आकडाही खरा आहे. चुना नुसता राहिला की हवेतलं पाणी आणि वायू धरतो, जड होत जातो. रावजींनी पोरांना शिकवलं होतं." आणि मग, तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, मी सांगितलं. बशी कशी उचलली, तुकडा कसा मोडला, डबी कशी तापली. सगळं.

त्यानं पारड्यातल्या गुंजा एकेक करून बटव्यात टाकल्या. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर हायेत तवर न्हाई बोललात," तो म्हणाला. "आन् मला सांगून काय उपेग? माझा काटा खरा हाय हे मला त्या दिशीबी ठावं हुतं. पोरीला न्हाई ठावं. दोन लेकरांची आई झाली, अजून म्हनती, दादा, त्या दिशी माझाच हात हालला आसंल. घरात मीठ तोलायची वेळ आली तरी दुसऱ्याच्या हातात देती."

पुडी त्यानं पुन्हा जशीच्या तशी बांधून माझ्यापुढं सरकवली.

उद्या सकाळच्या मोटारीनं जामखेडला जातोय. पुडी बरोबर घेतलीय. डबी घरीच ठेवलीय, कालपासून तंबाखूला हात लावलेला नाही. किती दिवस टिकेल देव जाणे, तू काही फार विश्वास ठेवू नकोस. कमलला सांगेन, तुझा हात चुकला नव्हता. एक्कावन्न बरोबर होते. बाकीचे पाच या पंताच्या खिशात होते. ती मला घरात घेईल की नाही, माहीत नाही. घेतलं तर एकच विचारील, गुरुजींना ठाऊक होतं का? ठाऊक होतं म्हटलं की विचारील, मग ते बोलले का नाहीत?

त्याचं उत्तर मला परवा पायरीवर बसल्या बसल्याच कळलं. तुमच्या वर्गात उत्तर सांगायची रीत नव्हती. वस्तू पुढ्यात ठेवायची आणि थांबायचं, समोरच्यानं स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत. माझ्यासाठी सहा वर्षं थांबलात.

रावजी, त्या पाच गुंजा माझ्याकडे होत्या. माफ करा.